पोटदुखीची वही

मॅडम, काल शनिवारी शाळेत तुमची शोकसभा झाली, आणि अर्ध्यातून उठून जावं असं मला दोनदा वाटलं. पटांगणात खुर्चीवर तुमचा फोटो ठेवला होता. हार एवढा मोठा आणला होता की तुमचं कपाळ आणि चष्मा तेवढाच दिसत होता. मुख्याध्यापक सर माइकवर म्हणाले, "शैलजा मॅडम अतिशय मनमिळाऊ होत्या. कामातून वेळ काढून मुलांशी छान गप्पा मारायच्या."

गप्पा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कामातून वेळ काढून म्हणे. अहो, तेच तर तुमचं काम होतं. दातांच्या डॉक्टरबद्दल कुणी असं म्हणतं का, की बाई फार मनमिळाऊ, फावल्या वेळात लोकांच्या तोंडात डोकावायच्या? नंतर दोन मिनिटं स्तब्धता झाली. ती चालू असतानाच मधल्या सुट्टीची घंटा वाजली आणि पाचवीची पोरं डबे काढायला पळाली. तेवढं एक बरं झालं. तुम्ही असता तर तोंडावर पदर धरून हसला असता.

मला बोलायला सांगितलं होतं. मी नाही म्हटलं. सर्वांना वाटलं, सिस्टरांना रडू आवरत नाही. रडू नव्हतं ते. माझ्या तोंडून काय निघेल याची मला खात्री नव्हती. म्हणून आज रविवारी, घरात कुणी नसताना, हे लिहायला बसले आहे.

तीन वर्षं आपण जिन्याखालच्या त्या आरोग्य खोलीत काढली. वर पत्रा, मधे हिरवा पडदा. पडद्याच्या अलीकडे माझं टेबल आणि एक कॉट. ताप, खरचटणं, पाळीचं दुखणं हे सगळं माझं. पलीकडे तुमच्या समुपदेशनाच्या दोन खुर्च्या, बस. खोली, मी आणि तुम्ही, तिघीही चाकणच्या एका कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्याच्या पैशातून, शाळेला मिळालेल्या. सोमवार, मंगळवार, गुरुवार तुम्ही चिंचवडहून स्कूटीवर यायचात, कंटेनरच्या रांगांमधून वाट काढत. आल्या आल्या स्कार्फ सोडत म्हणायचात, "सिस्टर, आधी पाणी द्या. मग माणसात येते."

पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला राग आणलात. पडदा कितीही ओढला तरी पलीकडचं बोलणं ऐकू यायचं, म्हणून तुम्ही घरून एक छोटा रेडिओ आणलात, माझ्या टेबलावर ठेवलात आणि म्हणालात, "पोरं बोलायला लागली की हा लावत जा." मी सव्वीस वर्षं नर्स आहे. बायकांच्या बाळंतपणातली किती गुपितं पोटात ठेवली आहेत, आणि ही मूळची लातूरची बाई मला रेडिओ लावायला सांगते. दोन दिवस मी तुमच्याशी धड बोलले नाही. तुम्ही मात्र रोज माझ्या डब्यातली भाजी हक्कानं घेत होतात.

मग ती पोरगी आली. तिचं नाव इथंही लिहीत नाही, तुम्ही लिहू दिलं नसतं. तिला वेणी म्हणू. तेव्हा आठवीत होती. आई गाड्यांची सीट कव्हर शिवणाऱ्या कंपनीत, वडील दुसऱ्या एका कंपनीत क्वालिटीला, दोघांच्या शिफ्ट उलटसुलट. आठवड्यातून तीनदा यायची. पोट दुखतंय. मी पोट दाबून बघायची, पाणी द्यायची, पडून राहा म्हणायची. जंताची गोळीही देऊन झाली. एक दिवस तुम्ही पडदा सारून बाहेर आलात, तिच्याकडे बघितलंत, आणि ती गेल्यावर मला विचारलंत, "सिस्टर, हिची वेणी बघितली का?"

मी म्हटलं, "वेणीचं काय?"

"आधी दोन घट्ट वेण्या असायच्या, रिबिनीसकट. आता तीन दिवसांपासून केसाला फणी नाही. पोट नाही दुखायलं हिचं."

मी इतकी वर्षं नाडी बघत आले, आणि तुम्ही वेणी बघितलीत. त्या दिवशी माझा राग गेला.

तिचे वडील आले तेव्हाचं आठवतं ना? दारातच उभे राहिले, आत यायला तयार नाहीत. "आमच्या घराण्यात कुणी येडं न्हाई. पोरीला उद्या स्थळं बघायचीत. तुमच्या रजिस्टरमध्ये तसलं काही लिहू नका." मागून सर आले. त्यांना वेगळीच काळजी. शाळेचं नाव. एकानं घराण्याचं नाव धरलं, दुसऱ्यानं शाळेचं. पोरगी कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडली होती, तिचं नाव कुणी घेईना.

तेव्हा ती अक्कल मीच लढवली. वहीत पाच रकाने होते: क्रमांक, नाव, इयत्ता, तक्रार, उपचार. तक्रारीच्या रकान्यात मी लिहिलं, पोटदुखी. उपचारात लिहिलं, विश्रांती. वडील खूश, सर खूश, आणि पोरगी पडद्यापलीकडे जायला मोकळी. मला माझं फार कौतुक वाटलं.

तुम्हाला नाही वाटलं. डब्याच्या वेळी तुम्ही विषय काढलात. "सिस्टर, नाव झाका. दुखणं नका झाकू. नावाच्या जागी नुसता नंबर टाका, पण तक्रार खरी लिहा."

"मॅडम, तुमी लातूरच्या. आमच्याकडं नंबरावरून बी नाव काढत्यात. कोण पोरगी कोणत्या दिवशी कुठं गेली, समद्या गावाला ठावं असतं."

"मग काढू द्या. एकदा कळू द्या की असलं दुखणं असतंय."

"तुमी जाल चिंचवडला. पोरीला इथं राहायचंय."

या वाक्यावर तुम्ही डबा आवरायला घ्यायचात, आणि मला वाटायचं मी जिंकले. हा वाद आपण तीन वर्षं घातला. भाजी बदलायची, वाद तोच. एकदा तुम्ही म्हणालात, "खोटं नाव देऊन ठेवलं की एक दिवस खऱ्यालाच ओळखता येत नाही, सिस्टर." मी म्हटलं, मॅडम, पुस्तकातलं बोलू नका, शेपूची भाजी खा.

हळूहळू शाळेत सगळ्या पोरांना ते कळलं, कुणी न सांगता. पोरगं दारात यायचं, म्हणायचं, "सिस्टर, पोट दुखतंय," आणि नजर हिरव्या पडद्याकडे. मी विचारायची, "अलीकडचं की पलीकडचं?" अलीकडचं म्हणजे माझ्या कॉटवर. पलीकडचं म्हणजे तुमच्या खुर्चीत. खरं सांगते, मला ते आवडायला लागलं होतं. आपल्या खोलीची अशी एक बोली झाली होती, बाहेरच्या कुणाला न कळणारी.

आणि सर म्हणतात गप्पा. गप्पा मारायला काय लागतं? मी वेणीशी कितीतरी गप्पा मारल्या होत्या. अगं, हसत जा, तुला काय कमी आहे, आईवडील एवढे राबतात. त्या गप्पांनी ती आणखीनच मिटत गेली. तुम्ही तिला हसायला सांगितलं नाहीत. तिनं तुम्हाला सांगितलं की मी रिजेक्ट माल आहे. बापाच्या तोंडचा शब्द तिनं स्वतःला लावला होता. हे तिनंच मला नंतर सांगितलं. त्यावर तुम्ही तिला, असं बोलू नये, म्हणाला नाहीत. तुम्ही विचारलंत, "तुझ्या पप्पांच्या कंपनीत रिजेक्टचा शिक्का कोण मारतं? न मोजता मारतात का?" मग वहीच्या पानावर मधोमध रेघ मारायला लावलीत. डावीकडे मन काय म्हणतं ते, उजवीकडे त्याचा पुरावा काय. मी कुणालाच नको आहे, हे डावीकडे. उजवीकडे तिला आठवडाभर काही सापडेना. मग एक दिवस तिनं लिहिलं की धाकटा भाऊ अजूनही माझ्याच हातानं जेवतो. म्हणजे पुरावा उलट निघाला.

दर आठवड्याला एकच छोटं काम द्यायचात. आज फक्त केस विंचरायचे. आज मैत्रिणीबरोबर गेटपर्यंत चालत जायचं. मी कंटाळले. महिना झाला, पोरगी तशीच. मी म्हटलं, मॅडम, काहीतरी टॉनिक लिहून घेऊ या. तुम्ही म्हणालात, "तुमची गोळी अर्ध्या तासात ताप उतरवतेय. माझं औषध हप्त्यातून एकदा देता येतं, अन् पोरगी स्वतः घेईल तेव्हाच लागू पडतं. दम धरा." जिथं नुसतं बोलून भागणार नाही असं तुम्हाला वाटलं, तिथं तुम्ही स्वतः पोराला आणि त्याच्या आईला घेऊन पिंपरीला मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांकडे गेलात, रांगेत उभ्या राहिलात. ते काही तुमच्या कामात लिहिलेलं नव्हतं.

आणि एक गोष्ट तुम्ही मला शिकवलीत, जी सव्वीस वर्षांत कुणी शिकवली नव्हती. मरावंसं वाटतं का, असं सरळ विचारायचं. मी घाबरले होते. म्हटलं, अशानं नसलेलं डोक्यात येईल पोराच्या. तुम्ही म्हणालात, "विचारल्यानं येत नाही, सिस्टर. आलेलं असलं तर विचारल्यानं ते एकटं राहत नाही." तुम्ही वेणीला विचारलंत. ती काय म्हणाली ते तुम्ही मला सांगितलं नाहीत. पण त्या दिवशी तुम्ही तिच्या आईची शिफ्ट सुटेपर्यंत शाळेतच थांबलात.

मग एका गुरुवारी तिचे वडील पुन्हा दारात. या वेळी आत आले. टोपी काढून म्हणाले, "मॅडम, काल पोरगी जेवताना भावाशी भांडली. लई जोरात भांडली." आणि हसायलाच लागले. पोरगी भांडली म्हणून आनंदानं सांगायला आलेला बाप मी पहिल्यांदा बघितला. पुढच्या आठवड्यात दोन घट्ट वेण्या घालून ती वर्गात जाताना दिसली. ही गप्पा मारण्याची कमाई का?

त्या दिवशी तरी मी वहीत खरं लिहायला हवं होतं. मी लिहिलं, पोटदुखी, विश्रांती.

कंपनीची कमिटी आली तेव्हा तिघांच्या गळ्यात ओळखपत्रं आणि हातात लॅपटॉप होता. आपल्या वहीवरून मीच दर महिन्याला एक्सेल भरून पाठवत होते, त्याचे त्यांनी रंगीत गोल काढले होते. त्यातला निम्म्याहून मोठा तुकडा पिवळा. त्यातले सगळ्यात मोठे साहेब म्हणाले, "इथं पोटदुखी फार आहे. पाण्याचा प्रॉब्लेम दिसतो." महिन्याभरात शाळेत पाणी शुद्ध करायचं मोठं यंत्र आलं, त्याला ग्रॅनाइटची पाटी लागली, नारळ फुटला, फोटो निघाले. अख्ख्या शाळेला पुन्हा जंताच्या गोळ्या. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. आपण दोघी पडद्याआड जाऊन इतक्या हसलो की तुम्हाला खुर्चीचा आधार घ्यावा लागला. पाणी मात्र खरंच गोड लागायचं.

दोन महिन्यांनी, तुमच्या शेवटच्या गुरुवारी सकाळी, पत्र आलं. मानसिक आरोग्याच्या तक्रारींची एकही नोंद आढळली नसल्यामुळे समुपदेशकाचं पद महिनाअखेर बंद करण्यात येत आहे. एकही नोंद नाही. तीन वर्षं पोरं त्या खुर्चीत बसून रडली, बोलली, उभी राहिली, आणि एकही नोंद नाही. मला त्या कमिटीचा संताप आला, अजूनही येतो. खोलीत आलात, पडदा बघितलात, दोन खुर्च्या बघितल्यात, तर विचारावं ना माणसानं, की या खुर्च्या कशाला आहेत. पोरांना बोलावून एकदा बोलावं. नाही. त्यांना गोल बघायचा होता. सरांना सगळं माहीत होतं, त्यांनी तोंड उघडलं नाही. कुणाच्या पोटात दुखत होतं त्या दोन खुर्च्यांमुळे?

पण तो गोल पिवळ्या रंगानं भरला कुणी? मी.

तुम्ही पत्र वाचलंत, घडी घातलीत आणि पर्समध्ये ठेवलंत. तुम्ही मला म्हणायला हवं होतं, बघा सिस्टर, सांगत नव्हते मी? एकदा तरी म्हणायला हवं होतं. मी भांडले असते, रडले असते, माफी मागितली असती. तुम्ही विचारलंत, "आज भाजी काय आणली?" या चांगुलपणाचाही मला राग आहे, मॅडम.

डबा तुम्ही खाल्ला नाहीत. तीन वाजता पडदा सारून बाहेर आलात. उजवा हात छातीच्या खाली, पोटाच्या वरच्या बाजूला. म्हणालात, "सिस्टर, पोट दुखायलंय."

आणि मी हसून विचारलं, "अलीकडचं की पलीकडचं?"

तुम्हीही हसलात. म्हणालात, "काय माहीत."

मी तुम्हाला पलीकडे नेलं. पोरांच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः तुमच्या खुर्चीत बसले. रेडिओ बंद केला, कारण ऐकणारं दुसरं कुणी नव्हतं. तुम्ही शिकवल्याप्रमाणे मधे बोलले नाही, सल्ला दिला नाही. तुम्ही बोलत होतात. पुढच्या सोमवारी कोणकोण येणार होतं, त्यातल्या कुणाला अर्ध्यात सोडणं बरं नाही, शेवटच्या भेटीत पोरांना काय सांगायचं. तुमच्या कपाळावर घाम होता. मला वाटलं, पत्र्याची खोली, दुपारची वेळ. हात छातीखालून निघत नव्हता. मला वाटलं, मन दुखतंय बिचारीचं. बीपीचं मशीन पडद्याच्या अलीकडे, माझ्या टेबलावर, हातभर अंतरावर होतं.

बायकांचं हृदय कधी कधी पोटात दुखतं. हे मला शिकवलेलं आहे. मी शिकाऊ पोरींना शिकवलेलं आहे.

चाळीस मिनिटांनी तुम्ही म्हणालात, "बरं वाटलं थोडं." मी गमतीनं वही ओढली आणि तुमच्या देखत लिहिलं. शैलजा मॅडम. स्टाफ. तक्रार, पोटदुखी. उपचार, विश्रांती. तुम्ही वाकून बघितलंत आणि म्हणालात, "आता मी बी तुमच्या एक्सेलमध्ये आले." स्कार्फ बांधलात आणि गेलात. संध्याकाळी घरी चहा टाकता टाकता तुम्ही खाली बसलात ते उठला नाहीत. हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

त्या अख्ख्या वहीत जिवावरची, अलीकडचीच म्हणून धरायला हवी होती अशी एकच पोटदुखी होती. तेवढीच मी पलीकडची समजले.

बुधवारी मी तुमच्या घरी गेले. तुमच्या यजमानांसमोर बसले आणि सगळं सांगितलं. घाम, हात, मशीन, माझं हसणं, काही ठेवलं नाही. त्यांनी मला घालवून द्यावं अशी माझी तयारी होती. त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "सकाळपासूनच दुखत होतं तिला. मी म्हटलं, दवाखान्यात चल. म्हणाली, आज शाळेत जायलाच पाहिजे." थोड्या वेळानं म्हणाले, "घरी आल्यावर मला सांगितलं तिनं. इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा मला कुणी त्या खुर्चीत बसवलं, म्हणाली. कुंदानं सगळं ऐकून घेतलं."

तुम्ही घरी मला कुंदा म्हणायचात हे मला माहीत नव्हतं.

त्यांनी ते माझ्या समाधानासाठी सांगितलं असेल, किंवा खरंच तसं झालं असेल. मला त्यानं रडू आलं आणि बरंही वाटलं, नाही म्हणत नाही. पण माझ्याकडून झालं ते त्यानं पुसलं जात नाही, आणि तुम्हीही मला ते पुसू देऊ नका. तुम्हाला ऐकणारं माणूस हवं होतं आणि नर्सही हवी होती. त्या खोलीत दोघींची गरज होती. एकीनं दुसरीचं काम केलं की काय होतं ते मी बघितलं.

म्हणून, सर जेव्हा मला म्हणाले, "सिस्टर, आता तुम्हीच मारत जा मुलांशी चार गप्पा, तुम्हाला सवय झालीच आहे," तेव्हा मी सरळ नाही म्हटलं. सरांना वाटलं, जास्त काम नको म्हणून म्हणते. त्यांना काय समजावणार? पडदा आहे म्हणून मी पलीकडे जाऊन बसले, तर मी तुम्ही होत नाही.

त्याच्या आधी, सोमवारी, वेणी आली होती. आता दहावीत आहे. वेण्या घट्ट होत्या, पण डोळे सुजलेले. म्हणाली, "सिस्टर, पोट दुखतंय."

या वेळी मी काही विचारलं नाही. कॉटवर झोपवलं, पोट चारही बाजूंनी दाबून बघितलं, ताप बघितला, नाडी मोजली, बीपी घेतलं. ती माझ्याकडे बघत राहिली. शेवटी म्हणाली, "पलीकडचं आहे, सिस्टर."

मी पडदा सारला. दोन खुर्च्या होत्या तशाच. ती आपल्या खुर्चीत बसली. तुमच्या खुर्चीत मी बसले नाही, माझं स्टूल ओढून आणलं. ती म्हणाली, "तिथं कोण बसणार आता?"

"मला ठावं न्हाई," मी म्हटलं. "मला मॅडमसारखं येत न्हाई बाळा. घंटा होईपर्यंत मी तुझ्याशेजारी बसते. आणि उद्या तुझ्या आईला घेऊन पिंपरीच्या डॉक्टरांकडं जाऊ, मॅडम न्यायच्या तिथं."

मग मी तिला तुम्ही शिकवलेला तो प्रश्न सरळ विचारला. ती म्हणाली, "नाही सिस्टर. तसं नाही वाटत. फक्त रडू थांबत नाही." आम्ही दोघी रडलो. रेडिओ लावायचं मला सुचलंच नाही.

नंतर मी कपाटातून नवी वही काढली. रकाने आखले. नावाच्या रकान्याला फाटा दिला, फक्त नंबर. ती बघत होती. मी लिहिलं, एक. इयत्ता दहावी. मग विचारलं, "तक्रार काय लिहू? खरं लिहायचं ठरवलंय मी. तू सांगशील तेच लिहीन."

तिनं जरा विचार केला. म्हणाली, "उदास वाटतं, असं लिहा. आणि लिहा, शैलजा मॅडम नाहीत."

मी दोन्ही लिहिलं. उपचाराचा रकाना आला आणि पेन थांबलं. विश्रांती लिहायला हात धजेना. तो मी कोरा ठेवला. आठवडाभर पोरं येत राहिली. प्रत्येकाला आधी कॉटवर तपासलं, मग विचारलं. नंबर वाढत गेले. घाबरायला होतं. झोप लागत नाही. वर्गात कुणाशी बोलावंसं वाटत नाही. आणि जवळजवळ प्रत्येकाच्या शेवटी तेच, मॅडम नाहीत. उपचाराचा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा.

दर शनिवारी वहीवर सरांची सही लागते, हे तुम्हाला माहीत आहे. न वाचता करतात. काल शोकसभा संपल्यावर मी वही त्यांच्यापुढे ठेवली. सही करता करता त्यांची नजर पानावर गेली.

"सिस्टर, हे काय लिहिलंय? तक्रारीत आजार लिहायचा असतो."

"आजारच हाय, सर."

"अहो, पोटदुखी लिहा ना नेहमीसारखं. हे कंपनीकडे जातं."

"म्हणूनच लिहिलंय. एक्सेलमध्ये बी हेच भरणार."

त्यांनी पान उलटलं, परत मागे आले. "आणि उपचार का रिकामा?"

"तो तुमी आणि कमिटीनं भरायचा, सर. माझ्याकडं ते औषध न्हाई. ज्यांच्याकडं होतं त्यांना तुमी आत्ताच हार घातला."

सरांनी पेनाचं टोपण लावलं. सही केली नाही आणि वही परतही दिली नाही. पानांचे फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहेत, त्यामुळे पान फाडलं तरी काही बिघडत नाही. उद्या सोमवार. तुमचा वार. सकाळी आधी खोली उघडून दोन्ही खुर्च्या पुसणार आहे, मग वही मागायला जाणार आहे. नाही दिली तर मंगळवारी पुन्हा जाईन.

तीन वर्षांचा वाद तुम्ही जिंकलात, मॅडम, आणि ते ऐकायला थांबला नाहीत. नावं झाकली आहेत. दुखणं झाकलेलं नाही.

तुमची,
कुंदा